डावं कुणाचं

३ मार्च, मंगळवार

वीस टक्के! कुठून आणले वीस? चाचणीच्या टाकीपाशी अकरा दिवस उभी राहून मी मोजले ते नऊ. फार तर साडेनऊ. आणि आज टेबलावर चकचकीत पत्रक – ‘डिझेलची बचत वीस टक्के, खात्रीशीर’. खाली माझं नाव. शिसारी आली.

छापलं अर्थातच अत्तरने. विक्री त्याच्याकडे आहे. खरं नाव लिहावंसं वाटत नाही, आणि माणूस येण्याआधी पाच मिनिटं त्याचा वास येतो, म्हणून अत्तर. म्हणतो, “मॅडम, नऊ हा काय आकडा झाला? नऊ ऐकून कुणी खुर्चीतून उठत नाही.” मालक शेजारी बसून दाढेतलं काहीतरी काडीने काढत होते. काढलं, निरखून बघितलं, परत तोंडात टाकलं. म्हणाले, “बरोबर आहे त्याचं.”

यांच्यासाठी मी दोन वर्षं फळी काढत बसले! एकालाही ती काय करते हे धड सांगता येणार नाही. दोन फळ्या – बोटीमागे दोन तारांवर एकेक. पाणी अंगावर घेऊन एक डावीकडे पळते, दुसरी उजवीकडे, आणि मध्ये जाळ्याचं तोंड उघडं राहतं. एवढंच काम. जुन्या फळ्या म्हणजे दोन लोखंडी कपाटं पाण्यातून ओढायची. डिझेल जाळ्याला कमी आणि कपाटांना जास्त. माझी उंच, अरुंद, तीन वाकवलेले पत्रे, मध्ये फटी. पाणी फटीतून निघून जातं, मागे भोवरा धरत नाही. तळाला न टेकता मधल्या पाण्यात, माशांच्या थव्याच्या उंचीवर चालते. त्यातले नऊ टक्के खरे आहेत. खऱ्याला किंमत नाही, हे मला या वयात कळावं!

५ मार्च, गुरुवार

पत्रकं वाटून झाली. उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे खुशीत.

८ मार्च, रविवार

ताईकडे जेवायला. भावोजींच्याच बोटीवर चाचणी ठरली आहे – मालकांनी परस्पर बोटीच्या मालकाशी ठरवलं आणि मला सगळ्यात शेवटी कळलं. भावोजी पंचवीस वर्षं बोटीवर, त्यातली चौदा कप्तान. जेवताना त्यांच्या नखांकडे बघितलं आणि माझी भूक गेली. ग्रीस. कितीही घासा, जात नाही म्हणे. ताईला काही वाटत नाही. ती त्याच हातातून पोळी घेते.

“इंजिनीयरबाई, तुमची फळी वळताना आडवी तर होणार नाही ना?” त्यांचा पहिला प्रश्न! नऊ टक्क्यांबद्दल काही नाही, फटींबद्दल काही नाही. मी म्हटलं, वळताना वेग सोडू नका, होणार नाही. “आणि सोडला तर?” “तर होईल.” “मग सरळ लिही ना तसं पत्रकावर,” म्हणाले आणि हसले. ताईही हसली. मला हसू आलं नाही. प्रश्न बरोबर होता, याचाच राग आला.

अंगणात बसून त्यांनी काडीने मातीत बोट काढली, दोन फळ्या काढल्या. जुन्या माणसाला नवीन गोष्ट मातीत काढून बघावी लागते. मला संगणकावर तीन महिने लागले तो कोन त्यांनी नखाने दाखवला – साधारण बरोबर. याचाही राग आला! माझा स्वभावच असा झालाय की काय?

१२ मार्च, गुरुवार

कारखान्यात फळ्या तयार. वेल्डरकाकांनी शेवटची शिवण घासली, रंग दिला. मी खडूने लिहिलं – एकीवर ‘डावी’, एकीवर ‘उजवी’. काकांनी त्यावर पांढरा रंग ओढला. मालक फोटो काढून घ्यायला आले. फळीवर हात ठेवून असे उभे राहिले जणू काही स्वतः बाळंत झालेत.

१६ मार्च, सोमवार

फळ्या ट्रकवरून धक्क्यावर गेल्या. उद्या पहाटे बोट सुटणार. मला नेत नाहीत – ‘बाईमाणूस, बोटीवर सोय नाही’. अत्तर मात्र जाणार होता. त्याचं पोट ऐन वेळी बिघडलं. घोडामैदान जवळ आलं की पोटं बिघडतात.

१७ मार्च, मंगळवार

भावोजींचा उजवा हात. तीन बोटं. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं.

ताईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. ती रडत नव्हती. फक्त म्हणाली, “ये.”

पाण्यात फळ्या फाकल्याच नाहीत म्हणे. एकमेकींच्या अंगावर धावून गेल्या, तारांना पीळ पडला. वर ओढल्या तर दोन्ही एकदम मागच्या डेकवर आदळल्या. एक हात तिथे होता. दुसऱ्या कुणाला पुढे केलं नाही, स्वतः गेले साखळी सोडवायला.

माझ्या फळ्या.

१८ मार्च, बुधवार

आजचा दिवस लिहायलाही नको वाटतं.

दहा वाजता मीटिंग. चहा, बिस्किटं, एसी. बिस्किटं! बोटीवरून फोटो आलेत. फळ्या उलट्या लागल्या होत्या – डावीच्या जागी उजवी, उजवीच्या जागी डावी. फळीची फुगीर बाजू, पोट म्हणतात तिला, बाहेर हवी. ती आत होती. म्हणून पाण्याने त्यांना बाहेर ढकलायच्या ऐवजी आत ढकललं. फोटो बघून मालकांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी बघितलं. “म्हणजे डिझाइनचा प्रश्नच नाही!”

आणि अत्तर – देवा! – अत्तर म्हणाला, “बोटीवरची बोटं, काय करणार.” दोघं-तिघं हसले. बोट आणि बोट. शाळेतली पोरं करतात ती कोटी, एका माणसाची तीन बोटं कापून चोवीस तास झाले नाहीत तोवर. उठून बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. परत येऊन त्याच खुर्चीत बसले. तोही किळसवाणाच प्रकार – उठले होते तर निघून जायचं!

ठरलं असं : अहवाल मी लिहायचा. चूक डेकवरची. बंदराचे चौकशी अधिकारी तोच धरतील. डेकची चूक म्हणजे कप्तानाची चूक – भावोजींचा कप्तानकीचा परवाना जाणार. हाताला तीन बोटं नाहीत आणि कप्तानकीही नाही, मग त्या माणसाने करायचं काय? मालक म्हणाले, “नातं आहे म्हणूनच तुम्ही लिहा. तुमच्यावर कुणी शंका घेणार नाही.”

सगळ्यात वाईट काय, तर मलाही ते पटलं होतं. आत कुठेतरी मीही तेच म्हणत होते – डावं-उजवं कळत नाही या लोकांना! एवढी ठसठशीत अक्षरं! आणि पोट आत आहे की बाहेर, हे पंचवीस वर्षं फळ्या सोडणाऱ्या माणसाला दिसू नये?

२० मार्च, शुक्रवार

हॉस्पिटल. फिनेलचा वास, त्याखाली दुसरा वास. भावोजींचा हात उशीवर, पांढऱ्या गाठोड्यासारखा. मी विचारलं, फळ्या लावताना बघितल्या नाहीत का? ते छताकडे बघत म्हणाले, “झालं ते झालं.”

पुन्हा विचारलं. “तुझा अहवाल काय तो लिही. तुला लिहायचाच आहे ना? लिही मग.” रागाने नाही. चहा सांगावा तसं.

ताई दारात उभी होती. माझ्याशी बोलली नाही. मी निघाले तेव्हा माझी पर्स पुढे केली, एवढंच. मला त्यांच्या गप्प राहण्याचा इतका वैताग आला! भांडा, ओरडा, शिव्या द्या. गप्प बसलेल्या माणसाचं काय करायचं?

२१ मार्च, शनिवार

बोट बघायला गेले. एकटी. ऑफिसात सांगितलं नाही.

धक्क्यावर मासळीचं पाणी, त्यात डिझेलचे रंगीत डाग. चप्पल चिकटत होती. डेकवर विंचवाला एकटाच होता, तारा गुंडाळणारा, भावोजींच्या बरोबरीचा. मला बघून उठला नाही. माझ्या फळ्या तिथेच, मागच्या कमानीला बांधलेल्या. एकीच्या कडेला काहीतरी काळपट वाळलं होतं. मी तिकडे बघायचं टाळलं. बघितलंच.

मी म्हटलं, “यावर एवढं मोठं ‘डावी’ लिहिलंय. तुम्ही उजवीकडे कशी लावली?”

“उजवीकडे कुठे?” तो म्हणाला. “डावीकडेच लावली.”

मी मागे, जाळं सुटतं त्या बाजूला तोंड करून उभी होते. हात पसरून दाखवलं – हे डावं. त्याने माझ्या खांद्याला हात न लावता बोटाने हवेतच मला फिरवलं. “अशा उभ्या राहा. बोटीचं तोंड जिकडे तिकडे तुमचं तोंड. आता डावं कुठलं?”

मी उलट फिरले. डावं बदललं.

“बाई, बोटीवर डावं-उजवं बोटीचं असतं,” तो म्हणाला. “माणसाचं नसतं. माणूस काय, दिवसभर फिरतोय.”

मला उलटी झाली. कठड्यावरून, पाण्यात. त्याने बादलीभर पाणी आणून ठेवलं आणि पुन्हा तारांशी जाऊन बसला.

२२ मार्च, रविवार

दिवसभर टाकीची वही घेऊन बसले.

त्या टाकीपाशी आपण उभे राहतो बोटीच्या जागी. मॉडेल समोर, पाणी आपल्याकडून तिकडे वाहतं. तोंड जाळ्याकडे. अकरा दिवस मी तशी उभी होते. माझ्या डाव्या हाताला जी फळी, तिला मी ‘डावी’ म्हटलं. वहीत, चित्रात, आणि शेवटी खडूने लोखंडावर. चित्रात बोट काढलेली नाही. बाण नाही. नुसत्या दोन फळ्या आणि माझं सुंदर अक्षर. डेकवरची माणसं मागे तोंड करून काम करतात, तरी डावं म्हणताना बोटीचं डावं म्हणतात. हे तिथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक आहे. मला नाही. मी बारा वर्षं फळ्या काढते आहे!

वेल्डरकाकांना फोन केला. “तुम्ही खडूने लिहिलंत त्यावर मी रंग ओढला,” ते म्हणाले. आणि पुढे, “मला काय, मला फळी उभी दिसते. पाण्यात कुठली कुठे जाते ते तुम्हाला ठाऊक.” हो. मला ठाऊक!

नाचता येईना, अंगण वाकडं. चार दिवस मी त्या डेकला वाकडं म्हणत होते. आता स्वतःच्याच हाताचा तिटकारा आलाय. याच हाताने खडू धरला. पाच बोटं आहेत याला.

२४ मार्च, मंगळवार

मालकांना सांगितलं. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं – टाकी, तोंड, खडू.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “हे आणखी कुणाला ठाऊक आहे?” पहिला प्रश्न हा! विंचवाल्याचं नाव सांगितलं नाही. म्हटलं, कुणाला नाही. “मग झालं तर. तुमचे भावोजी काही बोलत नाहीत, बोट दुरुस्त होते, फळ्यांवर आपण नवीन अक्षरं काढू. तुम्ही कशाला विस्तव पदरात घेता?” काडी दाढेत. “आणि बाई, पोट आत आहे हे त्याला दिसायला हवं होतं की नको? आंधळ्यालाही कळेल.”

हेच मी आठवड्यापूर्वी वहीत लिहिलं होतं. शब्दाला शब्द नाही, पण तेच. त्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावर किती घाण वाटलं!

बाहेर अत्तर उभा होता. दाराला कान लावून उभा असणार. म्हणाला, “मॅडम, भावनेच्या भरात काही करू नका हं.” मी त्याला म्हटलं, तुम्ही आधी आंघोळ करा. बरं वाटलं. दोन मिनिटं.

२५ मार्च, बुधवार

लिहिते आहे. फाडते आहे. लिहिते आहे.

२७ मार्च, शुक्रवार

दिला. मालकांना नाही – थेट बंदरातल्या चौकशी अधिकाऱ्याच्या टेबलावर. सही घेतली. चार पानं. टाकीपाशी मी कशी उभी होते त्याचं चित्र, बोट कशी असते त्याचं चित्र, दोन्हींत बाण. ‘फळ्यांवरच्या खुणा मी चुकीच्या घातल्या. डेकवरच्या माणसांनी त्या खुणांप्रमाणेच लावल्या.’ आणि शेवटी – ‘या खुणा बोटीवरून कुणीही माझ्याकडून तपासून घेतल्या नाहीत. एकाने जरी विचारलं असतं तरी चूक तिथेच लक्षात आली असती.’ हे वाक्य बरं जमलं. खोटं काही नाही, आणि सगळा भार माझ्यावर घेऊनही जरा मान वर राहते.

दुपारी मालकांचा निरोप : सोमवारपासून येऊ नका. बारा वर्षांचं सामान एका खोक्यात मावलं. वेल्डरकाका फाटकापर्यंत आले. “चांगलं केलंत,” म्हणाले. बाकी कुणी मान वर केली नाही. अत्तरने केली – खिडकीतून, मी नक्की जाते आहे ना हे बघायला.

खरं सांगू? चालत घरी आले आणि हलकं वाटलं. त्या सगळ्या बरबटलेल्या लोकांत मी एकटी तरी स्वच्छ निघाले. आरशात बघितलं. बघवलं.

३१ मार्च, मंगळवार

निकाल. मूळ चूक खुणांची – मान्य. पण! ‘फळीचं पोट आत असल्याचं अनुभवी कप्तानाच्या लक्षात यायला हवं होतं, आणि लक्षात आल्यास त्याने डिझाइन करणाऱ्याकडे विचारणा करायला हवी होती. तशी विचारणा झाल्याचं अहवालात नाही.’ भावोजींचा परवाना एक वर्ष बंद. साक्षीत ते एवढंच म्हणाले आहेत – “दिसलं नाही.”

तो अधिकारी! गुळगुळीत दाढी, स्वच्छ कॉलर, आयुष्यात ओल्या दोराला हात लावला नसेल. बोटं गमावलेल्या माणसाची कप्तानकीही काढून घेतो! दिवसभर संताप. आणि मनात पुन्हा तेच – भावोजी, तुम्हाला दिसलं कसं नाही हो?

२ एप्रिल, गुरुवार

ताईकडे गेले. भावोजी डाव्या हाताने कप धरून चहा पीत होते. सांडत होता. ताई आत गेल्यावर हळूच म्हणाले, “तुझा कागद वाचून दाखवला मला त्यांनी. कुणी विचारलं नाही असं लिहिलंस ते बरं केलंस. मीही फोनचं कुठे बोललो नाही. घरातली गोष्ट घरात.”

म्हटलं, कुठला फोन?

“अगं, सुटायच्या आधी केला होता ना. म्हटलं, पोट आत येतंय, असंच आहे का? तू म्हणालीस, भावोजी, नवीन फळी आहे, डोकं चालवू नका, लिहिलंय तशी लावा. झोपेत होतीस बहुतेक. मी म्हटलं, असेल बाई, तिने काढलीय.”

त्यांनी हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं.

फोनमध्ये बघितलं. सतरा मार्च, पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटं. सव्वीस सेकंद. मला त्यातला एक शब्दही आठवत नाही.